मांजराच्या ओल्या खाण्यातली कर्बोदकं: लेबलवर नसलेला आकडा कसा काढायचा

ड्राय फूडच्या पाकिटावर प्रोटीन ३० टक्के, ओल्या पाउचवर ८ टक्के. एवढं वाचलं की बेळगावात दुकानाच्या काउंटरवरच निकाल लागतो: ‘पाउचात काय आहे, नुसतं पाणी!’ दुसरी चूक बरोबर याच्या उलटी. मांजराची साखर वाढली असं डॉक्टरांनी सांगितलं की ‘ओल्या खाण्यात कर्बोदकं नसतात’ असं धरून हाताला लागेल तो ग्रेव्हीचा पाउच सुरू होतो. दोन्ही चुकांचं मूळ एकच. कर्बोदकांचा आकडा लेबलवर बहुधा छापलेलाच नसतो. तो काढावा लागतो, आणि काढताना पाणी बाजूला करावं लागतं.

गणित शाळेतल्या शेकडेवारीपलीकडे जात नाही. लोक अडकतात ते क्रमात: कोणी राख विसरतो, कोणी पाणी बाजूला करायच्या आधीच दोन डब्यांची तुलना करतो, कोणी ‘किमान’ आणि ‘कमाल’ हे शब्द वाचतच नाही. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा.

## तयारी

प्रत्यक्ष डबा किंवा पाउच हातात हवा, ऑनलाइन दुकानावरचा फोटो नको. एकाच नावाचा माल दोन देशांतल्या कारखान्यांत बनतो आणि दोन्हींची कृती वेगळी असू शकते. निपाणी-चिकोडीकडचे लोक कोल्हापूरहून आणतात, खानापूरकडचे बेळगावातून किंवा गोव्याहून, बाकीचे कुरियरने मागवतात. त्यामुळे शेजारच्याने काढलेला आकडा तुमच्या डब्याला लागू पडेलच असं नाही.

सोबत वही, फोनचा कॅल्क्युलेटर आणि बारीक अक्षरं मोठी करून पाहायला फोनचाच कॅमेरा. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीनची किंवा पोव्हिडोन आयोडीनची सगळ्यात लहान बाटली घ्या, ती सातव्या पायरीला लागेल. मधुमेही मांजरासाठी हा खटाटोप असेल तर ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा लहान काटाही मिळवा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमच्या टप्प्याने चालणारा काटा या कामाला जाडा पडतो.

आयात डब्यांवर एक अडचण नेहमीची. आयातदाराचं नाव-पत्ता, किंमत, महिना-वर्ष यांचं स्टिकर कायद्याने लावावं लागतं, आणि ते नेमकं पोषणाच्या तक्त्यावरच चिकटवलेलं असतं. डबा पाण्यात बुडवू नका, कागदी लेबलचा लगदा होतो. स्टिकरच्या कडेला खोबरेल तेलाचं बोट फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि कोपऱ्यातून नखाने हळूहळू उचला. हेअर ड्रायरची गरम हवा दिली तरी डिंक सुटतो. सोलण्याआधी स्टिकरचा फोटो काढून ठेवा, कारण ग्राहक सेवेचा नंबर त्यावरच असतो आणि तो पुढे लागणार आहे.

## पायरी १: हे पूर्ण अन्न आहे का, ते आधी पाहा

आकड्यांना हात लावण्यापूर्वी डब्यावर ‘कम्प्लीट’ किंवा ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे शब्द शोधा. ‘कॉम्प्लिमेंटरी’, ‘सप्लिमेंटल’, ‘ट्रीट’ किंवा ‘इंटरमिटंट फीडिंग’ असं काही असेल तर ते तोंडी लावणं आहे, जेवण नव्हे. चाटायला देतात त्या क्रीमच्या नळ्या बहुतेक याच प्रकारात मोडतात.

हे पहिल्याच पायरीला घेण्याचं कारण असं, की सगळ्यात कमी कर्बोदकांचे डबे हमखास या गटात निघतात. पाण्यात किंवा सूपमध्ये शिजवलेल्या ट्यूनाच्या वा कोंबडीच्या नुसत्या फोडी: कर्बोदकं जवळजवळ शून्य, पण वरून घातलेलं कॅल्शियम नाही, जीवनसत्त्वं नाहीत, कधी टॉरिनही (मांजराला अन्नातूनच मिळावं लागणारं एक अमिनो आम्ल) नाही. टॉरिन पुरेसं मिळालं नाही तर मांजराचं हृदय कमजोर होतं आणि डोळ्यांच्या पडद्याला कायमची इजा होते. रोजच्या जेवणाला असा डबा निवडला, की साखर सांभाळता सांभाळता दुसरंच दुखणं घरात येतं.

तपासणी: टॉरिनचा आकडा लेबलवर असेल तर ओल्या अन्नात पाणी वगळून निदान ०.२ टक्के हवं. ड्रायला ०.१ चालतं, डब्याला दुप्पट लागतं. ८४ टक्के पाणी असलेल्या पाउचवर ०.०५ टक्के लिहिलं असेल तर ०.०५ भागिले १६ गुणिले १००, म्हणजे ०.३१ टक्के. चालेल.

## पायरी २: पाच आकडे जसेच्या तसे उतरवा

वहीत पाच ओळी आखा: क्रूड प्रोटीन, क्रूड फॅट, क्रूड फायबर, मॉइश्चर, अ‍ॅश. मॉइश्चर म्हणजे पाणी, अ‍ॅश म्हणजे राख, अर्थात अन्न जाळल्यावर मागे उरणारी खनिजं. ‘राख’ वाचून कोणी दचकतं. डब्यात चुलीतली राख कोणी घातलेली नसते.

प्रत्येक आकड्याशेजारी ‘किमान’ की ‘कमाल’ ते लिहाच. अमेरिकी पद्धतीच्या लेबलवर प्रोटीन आणि फॅट किमान असतात, फायबर आणि मॉइश्चर कमाल. युरोपी पद्धतीच्या लेबलवर किमान-कमाल नसतं, घटकांचं नेहमीचं प्रमाण दिलेलं असतं. तिथे राखही सापडते, कधी ‘इनऑरगॅनिक मॅटर’ या नावाने. दोन्ही प्रकारचे डबे आपल्याकडे मिळतात. युरोपी लेबल हाती आलं तर नशीब समजा, पाचवी पायरी बरीच हलकी होईल.

नमुन्यादाखल तीन प्रकार घेऊ. हे आकडे समजण्यापुरते आहेत, कोणत्या एका कंपनीचे नाहीत.

ग्रेव्हीचा पाउच: प्रोटीन ८, फॅट २.५, फायबर १, पाणी ८४, राख दिलेली नाही.
पॅटेचा डबा (घट्ट, वाटलेल्या मांसाचा): प्रोटीन ११, फॅट ६, फायबर १, पाणी ७८, राख २.५.
ड्राय: प्रोटीन ३०, फॅट १०, फायबर ४, पाणी १०, राख ८.

## पायरी ३: राखेची जागा रिकामी ठेवू नका, मग वजाबाकी

राख दिलेली नसेल तर ती शून्य धरली जाते, आणि सगळं पुढचं गणित तिथेच बिघडतं. ग्रेव्हीच्या पाउचला २, पॅटेला २.५, ड्रायला ७ ते ८ धरा. काट्यासकट वाटलेल्या मासळीच्या डब्यात राख याहून जास्त निघू शकते.

आता १०० मधून पाचही वजा करा.

ग्रेव्ही: १०० − (८ + २.५ + १ + ८४ + २) = २.५
पॅटे: १०० − (११ + ६ + १ + ७८ + २.५) = १.५
ड्राय: १०० − (३० + १० + ४ + १० + ८) = ३८

ग्रेव्हीत राख विसरली असती तर २.५ च्या जागी ४.५ आलं असतं. दोनचा फरक किरकोळ वाटतो. पुढच्या पायरीला तोच १५ टक्क्यांचा २८ टक्के करून टाकतो.

इशारा: इथे थांबून ‘ग्रेव्हीत अडीच टक्केच आहे की’ म्हणू नका. हा पाण्यासकटचा आकडा आहे.

वजाबाकीने मिळणाऱ्या या ‘कर्बोदकां’त स्टार्च आणि साखर तर येतेच, शिवाय गवारीचा डिंक, कॅराजीनन यांसारखा विरघळणारा तंतूही येतो, कारण ‘क्रूड फायबर’च्या तपासणीत तो पकडला जात नाही. पॅटेतला दीड टक्का बऱ्याचदा असल्या डिंकाचा असतो. तो मांजराच्या रक्तातली साखर स्टार्चसारखी चढवत नाही.

उत्तर शून्याखाली गेलं तर? उणे ०.८ वगैरे आलं तर तुमची बेरीज चुकलेली नाही. कमाल पाणी आणि अंदाजाची राख एकत्र आली की असं होतं. अशा डब्यात कर्बोदकं फारच कमी आहेत एवढं लिहा आणि पुढे चला.

## पायरी ४: पाणी काढून टाका

प्रत्येक आकड्याला (१०० − पाणी) ने भागा आणि १०० ने गुणा. ग्रेव्हीत पाणी वगळून उरतं १६, पॅटेत २२, ड्रायमध्ये ९०.

कर्बोदकं, पाणी वगळून:
ग्रेव्ही: २.५ ÷ १६ = १५.६ टक्के
पॅटे: १.५ ÷ २२ = ६.८ टक्के
ड्राय: ३८ ÷ ९० = ४२.२ टक्के

काउंटरवरच्या भांडणाचाही निकाल इथेच लागतो. पाउचातलं प्रोटीन ८ ÷ १६ म्हणजे ५० टक्के, आणि ड्रायमधलं ३० ÷ ९० म्हणजे ३३ टक्के.

तपासणी: पाणी वगळून आलेल्या पाच आकड्यांची बेरीज १०० यायला हवी. ग्रेव्हीत प्रोटीन ५०, फॅट १५.६, फायबर ६.३, राख १२.५, कर्बोदकं १५.६: बरोबर १००. दशांशाच्या मागेपुढे असेल तर ठीक. ९४ किंवा १०७ आलं तर कुठेतरी भागायचं राहिलं आहे.

## पायरी ५: किमान-कमालचा खेळ

हा भाग सावकाश वाचा. वरचं गणित बरोबर करूनही लोक फसतात ते इथेच.

‘प्रोटीन किमान ८’ याचा अर्थ ८ आहे असा नाही. ८ पेक्षा कमी नाही, असा आहे. प्रत्यक्षात साडेनऊ असू शकतं. ‘पाणी कमाल ८४’ म्हणजे ८२ असू शकतं. ड्राय फूडमध्ये दीड-दोन टक्के इकडचे तिकडे झाले तर फारसं बिघडत नाही. पण ओल्या अन्नात पाणी वगळून उरतातच १६ भाग. त्यातले दोन म्हणजे आठवा हिस्सा.

तोच पाउच, तेच लेबल, दोन शक्यता पाहा.

पहिली: प्रोटीन खरं ९.५ आहे, बाकी लेबलप्रमाणे. कर्बोदकं १०० − ९९ = १. पाणी वगळून ६.३ टक्के.
दुसरी: पाणी खरं ८२ आहे आणि वाढलेले दोन भाग सगळे स्टार्चचे आहेत. कर्बोदकं ४.५. पाणी वगळून ४.५ ÷ १८ = २५ टक्के.

म्हणजे एकाच लेबलातून ६ पासून २५ पर्यंत काहीही निघू शकतं! मधुमेही मांजरासाठी यातला एक डबा उत्तम आणि दुसरा टाळण्याजोगा. म्हणून किमान-कमालच्या लेबलावरून काढलेलं ‘१५.६’ पक्कं मानून डॉक्टरांपुढे ठेवू नका. सोबत ‘६ ते २५ च्या मधे कुठेही’ असंही लिहा.

ही रेघ आखूड करायला तीन उपाय आहेत.

पहिला, कंपनीला विचारणं. स्टिकरवरच्या नंबरावर किंवा मेलवर एकच वाक्य पाठवा: ‘या बॅचच्या अन्नाचं सरासरी विश्लेषण, राख आणि दर १०० किलोकॅलरीमागे कर्बोदकांचे ग्रॅम कळवा.’ ‘सरासरी’ हा शब्द महत्त्वाचा. तो नसेल तर डब्यावरचाच तक्ता तुम्हाला परत पाठवतील. डब्याच्या तळाशी छापलेला बॅच नंबर सोबत द्या.

दुसरा, लेबलवर ऊर्जा दिली असेल तर ती सहाव्या पायरीतल्या तुमच्या हिशोबाशी ताडून पाहणं.

तिसरा घरचा, आणि तो फक्त काटा व विजेचा ओव्हन असलेल्यांसाठी. पाउच चमच्याने एकजीव करा. ग्रेव्ही एकीकडे आणि फोडी एकीकडे राहिल्या तर सगळं फुकट. स्टीलच्या ताटलीचं वजन लिहा, तिच्यात बरोबर ५० ग्रॅम अन्न पातळ पसरा आणि १००-१०५ अंशांवर चार-पाच तास ठेवा. काढा, थंड करा, वजन करा, पुन्हा अर्धा तास ठेवा. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की झालं. ताटली वजा जाता ९ ग्रॅम उरलं तर पाणी ८२ टक्के. अन्न करपलं तर आकडा टाकून द्या. आणि खिडक्या उघडून करा, मासळीचा पाउच असेल तर वास दोन दिवस घर सोडत नाही.

## पायरी ६: ऊर्जेत मोजा, डॉक्टर हीच भाषा बोलतात

वजनातली टक्केवारी तुलनेला बरी, पण फॅट जास्त असलेल्या डब्यात ती फसवते. त्यामुळे शेवटचा आकडा ऊर्जेतच काढायचा. पाळीव प्राण्यांच्या अन्नासाठी प्रोटीनला दर ग्रॅम ३.५, फॅटला ८.५ आणि कर्बोदकांना ३.५ किलोकॅलरी धरतात. माणसांच्या खाण्याचे ४-९-४ इथे वापरू नका.

ग्रेव्ही, १०० ग्रॅममागे: २८ + २१.३ + ८.८ = ५८ किलोकॅलरी. त्यात कर्बोदकांचा वाटा १५ टक्के.
पॅटे: ३८.५ + ५१ + ५.३ = ९५ किलोकॅलरी. वाटा साडेपाच टक्के.
ड्राय: १०५ + ८५ + १३३ = ३२३ किलोकॅलरी. वाटा ४१ टक्के.

मधुमेही मांजरासाठी ऊर्जेतला कर्बोदकांचा वाटा साधारण १२ टक्क्यांच्या आत असावा, असं पशुवैद्यक सांगतात. निरोगी मांजराला अशी काटेकोर रेघ लागत नाही. तिथे पूर्ण अन्न, भरपूर प्रोटीन आणि आटोक्यातलं वजन या गोष्टी आधी येतात. घरात धडधाकट मांजर असताना १५ टक्क्यांचा पाउच फेकून देण्याची गरज नाही.

तपासणी: पाउचवर ‘१०० ग्रॅमला ७० किलोकॅलरी’ छापलं असेल आणि तुमचा हिशोब ५८ वर थांबत असेल, तर खरं पाणी छापल्याहून कमी आहे किंवा खरं फॅट किमानपेक्षा जास्त आहे. फरक फॅटचा असेल तर कर्बोदकांचा वाटा तुमच्या आकड्याहून कमी निघतो. अमेरिकी लेबलांवर ऊर्जा दर किलोला लिहितात, तिथे दहाने भागायला विसरू नका.

## पायरी ७: घटकांची यादी आणि आयोडीनचा थेंब

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, आणि हे वजन शिजवण्याआधीचं. मांस पाण्यासकट मोजलेलं असतं म्हणून वर दिसतं, कोरडं पीठ खाली जातं. पीठ एकाच नावाने न लिहिता राइस फ्लोअर, कॉर्न स्टार्च, पोटॅटो स्टार्च असं तीन ठिकाणी विखुरलेलं असेल तर तिघांना एकत्र धरूनच वाचा.

टॅपिओका स्टार्च म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचंच पीठ. ‘ग्रेन फ्री’ डब्यात ते बिनदिक्कत असतं, कारण ते धान्य नाही. ‘ग्रेन फ्री म्हणजे कर्बोदकं कमी’ हा समज इथे कोसळतो. डेक्स्ट्रोज, झायलोज, कॅरमेल हे रंग आणि चवीपुरते थोडे. सुरिमी, म्हणजे खेकड्याच्या कांडीसारखे गुलाबी तुकडे, त्यात मासळीसोबत स्टार्च आणि साखर येते. व्हीट ग्लुटेन ऐकून घाबरतात, पण ते गव्हाचं प्रोटीन आहे. कर्बोदकांच्या हिशोबात ते नगण्य.

आता थेंब. एका वाटीत भाताची पेज घ्या, दुसरीत पाउचातली ग्रेव्ही थोड्या पाण्यात कालवून, तिसरीत साधं पाणी. तिन्हींत आयोडीनचे दोन-दोन थेंब टाका. पेज गडद निळी-काळी होईल, पाणी तांबूस-पिवळंच राहील. ग्रेव्ही कोणाच्या जवळ जाते ते बघा. निळी-काळी किंवा जांभळी झाली तर घट्टपणा स्टार्चचा आहे. तांबूसच राहिली तर बहुधा डिंकाचा. मांसामुळे आयोडीनचा रंग लगेच उडून गेला तर आणखी दोन थेंब टाका.

या चाचणीतून स्टार्च आहे की नाही एवढंच कळतं, किती आहे ते नाही. साखर आणि डेक्स्ट्रोज निळे होत नाहीत. उलट लघवीतली साखर पाहायच्या पट्ट्या ग्रेव्हीत बुडवण्याची कल्पना सोडून द्या. त्या फक्त ग्लुकोज ओळखतात, स्टार्चपुढे गप्प बसतात.

इशारा: आयोडीन टाकलेलं अन्न लगेच टाकून द्या. वाटी ओट्यावर राहिली तर मांजर वाट बघणार नाही.

## पायरी ८: वाटीतलंही मोजा

डब्याचा हिशोब दशांशापर्यंत करायचा आणि संध्याकाळी दूध-भाकरी वाढायची, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. आकडे समोर ठेवू.

८० ग्रॅमच्या ग्रेव्हीच्या पाउचात (अडीच टक्क्यांच्या हिशोबाने) कर्बोदकं २ ग्रॅम. १०० मिली दुधात, म्हणजे एका लहान वाटीत, पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८. ज्वारीच्या पिठात दर १०० ग्रॅमला ७० च्या घरात, म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ३५. तिचा चौथाई तुकडा दुधात कुस्करला तरी जवळजवळ ९ ग्रॅम. एका वाटी दुधातच दोन पाउचांपेक्षा जास्त कर्बोदकं गेली. सणाला बोटाने चाटवलेला कुंदा तर हिशोबात धरायचीही सोय नाही.

शिवाय मोठ्या मांजरांना दुधातली साखर बहुतेक पचत नाही, आणि जुलाब झाले की दोष नव्या डब्यावर जातो. डबा बदलताना दूध बंद ठेवा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. कालवणातली मासळी द्यायची तर वाटण लागलेली देऊ नका, कांदा-लसूण मांजराला विषारी. बांगडा साध्या पाण्यात उकडून, काटे काढून, चवीपुरता.

पूर्ण दिवसाचा हिशोब असा: नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या ४ किलोच्या मांजराला रोज सुमारे २०० किलोकॅलरी. ८० ग्रॅमचा ग्रेव्हीचा पाउच देतो ४६. म्हणजे नुसत्या पाउचांवर ठेवायचं तर चार-साडेचार लागतील. खर्चाचा हा आकडा आधी मांडा. निम्मी ऊर्जा ड्रायमधून गेली तर कर्बोदकांचा एकूण वाटा १५ आणि ४१ च्या मधोमध, २८ टक्क्यांवर येतो. निरोगी मांजराला हे चालून जातं. मधुमेहीच्या बाबतीत पाउचावरची सगळी मेहनत ड्रायच्या मुठीने धुऊन निघते.

## पायरी ९: बदल करताना

निरोगी मांजराला ७ ते १० दिवसांत वळवा. पहिले दोन-तीन दिवस चौथाई नवं, मग निम्मं, मग पाऊण. फ्रीजमधून काढलेलं थंडगार वाढू नका, वास येत नाही म्हणून मांजर तोंड फिरवतं. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा. उघडलेला डबा झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यात वाढलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त उघडं ठेवू नका. रात्रभर वीज गेली असेल तर उरलेला डबा वास न घेताच टाका.

‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट मांजरापुढे चालत नाही. दोन दिवस पोटात काही गेलं नाही तर, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेततं. एक पूर्ण दिवस काही न खाल्ल्यास जुन्या अन्नावर परत या आणि डॉक्टरांना फोन करा.

मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी दिलेला डबा या गणितात बसवू नका. त्यात प्रोटीन आणि फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवलेले असतात, म्हणून कर्बोदकांचा आकडा वर दिसतो. तो पाहून डबा बदललात तर आजार बळावेल.

सगळ्यात मोठा इशारा, इन्सुलिन चालू असलेल्या मांजरांसाठी: डॉक्टरांना न विचारता कमी कर्बोदकांचं अन्न सुरू करू नका. कर्बोदकं उतरली की इन्सुलिनची गरजही उतरते, कधी काही दिवसांतच. जुनाच डोस चालू राहिला तर साखर धोक्याइतकी खाली जाते. अन्न कोणत्या तारखेला बदलणार, रोज साखर कोण आणि कशाने तपासणार, कितीच्या खाली डोस थांबवायचा, हे तिन्ही आधी कागदावर लिहून घ्या. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात मांजराची साखर रोज पाहून मिळेल असं धरून चालू नका, आधी विचारा. बेळगावला जावं लागणार असेल तर बदल सोमवारी सुरू करा, शनिवारी रात्री नाही.

मांजर डगमगायला लागलं, थरथरलं, हाक मारूनही नजर देईना किंवा झटका आला, तर मध किंवा ग्लुकोज पावडरची पातळ पेस्ट बोटाने हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, फुफ्फुसात जाईल. झटका चालू असताना तोंडात बोट घालू नका, चावा बसेल. पुढचा इन्सुलिनचा डोस देऊ नका आणि लगेच दवाखान्याकडे निघा. वहीचं ते पान आणि रिकामा डबा सोबत घ्या.